वाकलेले मासे

सोमवार, ४ नोव्हेंबर

प्रिय मनीबाई,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन असताना मी कागद का खराब करतेय, असं तुला वाटेल. तर फोन तुझ्या बाबांच्या खुर्चीशेजारी आहे, आणि त्यांचे गुडघे सत्तरीचे झाले असले तरी कान अजून विशीतच आहेत. जे सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे. म्हणून हे बर्फाच्या गाडीवाल्याच्या हाती देते. आमच्या शेडमध्ये बर्फ उतरवून तो रिकामा शहराकडे परततो, तुझी प्रयोगशाळा त्याच्या वाटेवरच आहे. उत्तरही त्याच्याच हाती पाठव. घरच्या पत्त्यावर आलेली पाकिटं पहिल्यांदा बाबाच उघडतात.

आता मुद्दा. आपला माल दोनदा परत आला. व्यापाऱ्याचा तपासनीस येतो, माशाच्या एका बाजूचा सोललेला तुकडा दोन बोटांवर आडवा धरतो, आणि मांसात जागोजाग फटी पडतात. जुन्या पुस्तकाची शिवण सुटून पानं लोंबावीत तसा तो तुकडा लोंबतो. वास चांगला, रंग चांगला, माशाचे डोळे चकचकीत. "बाई, मासा ताजा आहे हे मला दिसतंय," तो म्हणाला, "पण अशी लक्तरं माझं गिऱ्हाईक ताटात घेत नाही." दहा डिसेंबरला तो पुन्हा येणार आहे. तो माल पसंत पडला तर वर्षभराचा करार. नाही तर शेडला कुलूप. माझ्यासकट तिथे अकरा माणसं आहेत, हे तुला वेगळं सांगायला नको.

माझं सगळं तपासून झालं. तुझा दादा पहाटे जाळं ओढतो आणि अकराच्या आत धक्क्याला लागतो. बोटीवर मी या मोसमाच्या सुरुवातीला स्वतः निवडून आणलेले निळे गोल टब आहेत, दुहेरी भिंतीचे, त्यांतला बर्फ संध्याकाळपर्यंत हलत नाही. शेडमध्ये आल्यावर पेट्या मी स्वतः भरते, एकेक मासा सरळ, ओळीत, शेपटीला शेपटी. पेटी भरावी तर हिनं, असं बघणारे म्हणतात. मग उरलं काय? सुरी. आणि सुरी कोणाच्या हातात आहे ते तुला माहीत आहे. परवा चहा पिताना बाबांचा कप बशीवर वाजत होता.

चाळीस वर्षं ते त्या टेबलाशी उभे राहिलेत. "आता तुमचे हात थकले" हे सुनेनं कोणत्या तोंडानं म्हणावं? तू मात्र म्हणू शकतेस. लहानपणी टेबलाखाली मांजरासारखी बसून त्यांचं कापणं बघायचीस, म्हणून तर तुझं नाव मनी पडलं. लेकीचं ते मानतील. तेवढं कर.

तुझी वहिनी

ता. क. तुझ्या दादाचं मत विचारलं होतं. तो म्हणाला, "कोणाच्या बाजूनं बोलायचं ते आधी सांग, मग मत देतो."

•

शनिवार, ९ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र बर्फवाल्यानं इतकं जपून आणलं, की पाकीट उघडेपर्यंत हात गारठले. वाचून मात्र दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

बाबांच्या हातांबद्दल तू म्हणतेस ते खरं असेल. गेल्या खेपेला मी आले तेव्हा मलाही कप वाजलेला ऐकू आला होता, आणि मी तो ऐकला नाही असं दाखवलं होतं. त्यांच्याशी कसं बोलायचं ते माझ्यावर सोड.

तोवर एक गोष्ट करून बघ. मासा मेला तरी त्याचे स्नायू लगेच स्वस्थ बसत नाहीत. त्यांच्यात थोडं इंधन शिल्लक असतं, ते पुरतं तोवर मासा मऊ राहतो. ते संपलं की स्नायूंचे धागे एकमेकांत अडकतात आणि मासा लाकडासारखा ताठ होतो. मग बर्फात एक-दीड दिवस गेला की ताठरपणा आपोआप उतरतो. ताठ मासा कापला तर मांस आखडतं आणि त्याला भेगा पडू शकतात. तुम्ही तर अकराला उतरवून बाराला कापता, म्हणजे ऐन ताठरपणात. ताजा म्हणून घाईनं कापायचा आणि घाईनंच बिघडवायचा, असं होत असेल. थोडा माल बर्फात एक दिवस थांबवून कापा. काय दिसतं ते कळव.

आमच्याकडे नेहमीचंच चाललंय. साहेबांनी नवीन यंत्र आणलंय. ते मांस किती दाबलं जातं ते मोजतं. सध्या सगळे त्यात आपापल्या डब्यातले पोळीचे तुकडे घालून बघतात.

तुझी मनी

•

गुरुवार, १४ नोव्हेंबर

प्रिय मनीबाई,

तू काय जादू केलीस? मंगळवारी सकाळी बाबांनी सुरी पुसली, तेल लावलं, फडक्यात गुंडाळून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "मावशीला दे." एवढंच. कारण नाही, कुरकुर नाही. ज्या माणसानं मोडक्या अंगठ्यानिशी मोसम काढला, त्यानं दोन शब्दांत सुरी सोडली. मी सुटकेचा श्वास सोडला, खोटं कशाला बोलू. पण सुरी मावशीच्या हाती देईपर्यंत दुपार झाली.

आता ते घरीच असतात. स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्यांना त्यांनी इतकी धार लावलीय की परवा टोमॅटोसोबत माझं नखही गेलं. अकरा वाजले की उठून खिडकीशी जातात. तिथून धक्का दिसत नाही, दिसते फक्त समोरच्या गॅरेजची भिंत. तरी अर्धा तास उभे असतात.

कामाचं सांगते. मावशी म्हणजे आपल्याकडे बारा वर्षं खवले काढणारी, हात खांबासारखा स्थिर. तिनं मंगळवारी दुपारी कापलं. फटी आहेत तशाच. मग तुझं ऐकून एक पेटी बर्फात थांबवली आणि बुधवारी कापली. थोडा फरक पडला, पण फटी आहेतच. मला वाटतं ती बाबांचं बघून बघून शिकली, त्यामुळे त्यांची खोड तिच्यातही उतरली असणार. दुसरं काय असणार?

तू बाबांना काय सांगितलंस, ते तरी लिही. फोनवर बोललीस म्हणावं, तर मी घरात होते आणि घंटा वाजली नाही.

तुझी वहिनी

•

सोमवार, १८ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

बाबांना काय सांगितलं ते भेटीत बोलू.

मावशीच्या कापण्यातही फटी आहेत, हे वाचून मी तुझं पत्र तीनदा वाचलं. खोड वगैरे जाऊ दे. दोन वेगळे हात, दोन वेगळे दिवस आणि दोष तोच. वहिनी, मला हे बरं वाटत नाहीये. म्हणजे शेडसाठी कदाचित बरं असेल, माझ्यासाठी नाही.

आता एक कर. न कापलेले दोन अख्खे मासे पाठव. तू भरलेल्या पेटीतून जसेच्या तसे उचल, पिशवीत घाल, भरपूर बर्फात ठेव. कोणीही सुरी लावायची नाही, पोटसुद्धा साफ करायचं नाही. आणि बाबा जेवतात ना नीट? खिडकीशी उभे राहतात तेव्हा काही बोलतात का? ते लिही.

तुझी मनी

•

गुरुवार, २१ नोव्हेंबर

प्रिय मनीबाई,

मासे पाठवतेय. पेटीतले सर्वांत देखणे दोन निवडलेत. सासरी पाठवायचे असावेत तसे सजवलेत, नाव ठेवायला जागा नाही. वर पत्र प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत आहे, तरी वास येईलच, तेवढं चालवून घे.

मी डबा बांधत होते तेव्हा बाबा दारात आले. "मनीला खायला?" मी म्हटलं, "नाही, तपासायला." तर म्हणाले, "तिला विचार, हल्ली मासे तपासते की माणसं?" आणि गेले. मला यातलं ओ की ठो कळलं नाही. तुला कळत असेल तर सांग. जेवतात, पण ताटात मासा वाढला की बाजूला सरकवतात. तुझा दादा म्हणाला, "बाबा, हा चांगला आहे." त्यावर, "असेल," म्हणून पाणी प्यायले.

दहा तारीख जवळ येतेय. मावशी एकटी किती कापणार? मला आता झोपेत तपासनिसाची दोन बोटं दिसतात.

तुझी वहिनी

•

रविवार, २४ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

हे पत्र बसून वाच.

काल मी दोन्ही माशांची कातडी एका बाजूनं हलकेच सोलली. सुरी मांसाला लागलीच नाही. तरीही आत फटी होत्या. पाठीच्या मध्यापासून शेपटीकडे, दोन्ही माशांत, जवळजवळ एकाच जागी. मांस सुरीनं फाटत नाहीये, वहिनी. सुरीपर्यंत पोचायच्या आधीच फाटतंय. बाबांचा यात काडीचाही दोष नाही.

माशाचं मांस म्हणजे एकापुढे एक लावलेले पापुद्रे, आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये अगदी पातळ पडदा. मासा ताठलेला असताना धागे अडकून बसलेले असतात, ते सरकू शकत नाहीत. अशा वेळी त्याला कोणी जोरानं वाकवलं, आपटलं किंवा ताणलं, तर ते पडदेच फाटतात. बाहेरून ओरखडाही दिसत नाही. नंतर बर्फात ठेवून मासा मऊ पडला तरी फाटलेलं ते फाटलेलंच. म्हणून एक दिवस थांबूनही तुम्हाला उपयोग झाला नाही.

तेव्हा मला एवढंच कळव. बोटीपासून सुरीपर्यंत माशाला कोण कोण हात लावतं? टबातून निघतो तेव्हा तो कसा असतो?

आणि आता ते, जे मी भेटीत बोलणार होते. बाबांना मी फोन केला नव्हता. पत्र लिहिलं होतं, पोस्टानं. दोन पानं. त्यात लिहिलं की वयानुसार हातातली नस कमजोर होते, मी हे वाचलेलं आहे, तुमच्यामुळे माल परत येतोय, आता शोभेनं थांबा. "शोभेनं" हा शब्द मी वापरला, वहिनी. एकही मासा न बघता. रोज इथे लोकांना सांगते की नमुना बघितल्याशिवाय निकाल देऊ नका, आणि स्वतःच्या बापाचा निकाल मी वाजलेल्या कपावरून दिला. मासे तपासते की माणसं, ते त्यांनी मलाच विचारलं होतं.

मनी

•

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

वहिनी,

पाच दिवस झाले, तुझं उत्तर नाही. बर्फवाला म्हणतो, "बाईंच्या हाती दिलं, त्यांनी तिथेच उभ्या उभ्या वाचलं आणि मला चहासुद्धा विचारला नाही." तुझ्याकडून चहा न मिळता कोणी परत आल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. रागावली असशील तर रागाचं लिही, पण लिही.

मनी

•

रविवार, १ डिसेंबर

मनी,

मासा मी फाडते. मीच.

टबातून निघतो तेव्हा कसा असतो, असं विचारलंस ना? विळ्यासारखा. पूर्वी बोटीवर लांब लाकडी पेट्या होत्या, त्यात मासे आडवे पडून जसेच्या तसे ताठायचे. माझे टब गोल. मासा हातभर लांब, तो टबाच्या भिंतीला टेकून वाकतो आणि वाकलेलाच ताठतो. मग तो चौकोनी पेटीत कसा बसणार? आणि बसला तरी पेटी कशी दिसणार? म्हणून मी त्याला सरळ करायचे. दोन्ही हातांनी दाबून. मोठा असला तर पेटीच्या कडेवर टेकवून, वरून जोर देऊन. बारीकसा आवाज यायचा, बोटं मोडल्यासारखा. मला वाटायचं, काटा जागेवर बसला. दिवसाला दोन-तीनशे मासे मी स्वतःच्या हातांनी आतून फाडले आणि वर फडकं मारून पेटीकडे कौतुकानं बघत उभी राहिले. तुला पाठवलेले ते दोन देखणे मासेही मीच सरळ केले होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते आपल्या घरात झालं. आणि फाशी द्यायला चोरच पुढे.

तुझ्या पत्राचा राग आला होता. मला न सांगता असं कसं लिहिलंस, म्हणून दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडले. मग आठवलं, बाबांना सांग म्हणून तुझ्या मागे लागलं कोण होतं? तेव्हा राग आपल्या दोघींत अर्धा अर्धा वाटून घेऊ आणि पुढे चालू.

मी बाबांना सांगितलं. शुक्रवारी जेवताना, तुझ्या दादासमोर. म्हटलं, "बाबा, दोष तुमच्या हातांचा नव्हता, माझ्या हातांचा होता. माझं चुकलं." हात जोडले. ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मीठ दे." मी मीठ दिलं. त्यांनी घातलं, जेवले, उठले. तुझा दादा नंतर म्हणाला, "भाजीत मीठ खरंच कमी होतं." अशा माणसांत मी संसार करतेय.

जुन्या लांब पेट्या माळ्यावर होत्या, त्या धुऊन बोटीवर चढवल्या. पण त्या सगळ्या मालाला पुरत नाहीत, निम्मा माल अजून टबातच येतो. तो आता वाकडा तर वाकडा, तसाच बर्फात ठेवायचा आणि हात लावायचा नाही, असं ठरवलंय. शेडमधल्या बायका हसतात. पेटीकडे बघवत नाही, मनी. सगळे तिरपे, एकमेकांवर चढलेले, कुणाची शेपटी कुणाच्या तोंडाशी. मी हात पाठीमागे बांधून उभी राहते. मावशी म्हणते, "बाई, जा तुम्ही बाहेर, तुमच्याच्यानं होणार नाही." पण दुसऱ्या दिवशी दुपारी बघितलं तर मासे ढिले पडून आपापले सरळ झालेले. कोणी काही केलं नव्हतं. मावशीनं दहा कापले, मी तपासनिसासारखे दोन बोटांवर धरले. एकही फट नाही.

एवढं सगळं जमलं, आणि आता कापायला माणूस नाही. दहा तारखेचा माल मावशी एकटीनं दोन दिवसांतही संपवू शकत नाही. बाबांना परत या म्हणायची माझी लायकी उरलेली नाही. तुझीही नाही, पण तू लेक आहेस.

वहिनी

•

बुधवार, ४ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तू मासे सरळ केलेस, मी तुला सरळ माहिती विचारली नाही. टब गोल आहेत हे तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस. मी या विषयात पदवी घेतलेली बाई, आणि ते वाक्य ओलांडून थेट बाबांच्या कपापाशी जाऊन बसले. तेव्हा वाटणी अर्धी अर्धी नाही, माझा वाटा मोठा धर.

सोबत बाबांसाठी पाकीट आहे. या वेळी पोस्टानं नाही, तुझ्या हातानं दे. त्यात "या" असं कुठेही लिहिलेलं नाही. माफी एका ओळीत मागितलीय, कारण लांबवली की तीही स्वतःबद्दलच होते. बाकी फक्त तपासणीचा निकाल आहे. नाकारलेल्या मालातले बाबांनी कापलेले सहा तुकडे व्यापाऱ्यानं नमुना म्हणून गोठवून ठेवले होते, ते मी परवा जाऊन मागून आणले. भिंगाखाली कापाची कडा बघितली. डोक्यापासून शेपटीपर्यंत एकच रेघ, कुठे थांबलेली नाही, कुठे हललेली नाही. काट्यावर राहिलेलं मांस इतकं कमी की आमच्या साहेबांनी विचारलं, हे कोणत्या यंत्रावर कापलंय? मी म्हटलं, माझ्या वडिलांनी.

पुढे त्यांची मर्जी. ते नाही आले तर मी रजा टाकून येते. कापता येत नाही मला, पण खवले काढीन आणि मावशीला त्यातून मोकळी करीन.

तुझी मनी

•

बुधवार, ११ डिसेंबर

प्रिय मनीबाई,

रजा रद्द कर. क्रमानं सांगते, नाही तर मी शेवटाकडे उडी मारीन.

गुरुवारी दुपारी तुझं पाकीट बाबांना दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून बघितलं, चष्मा पुसला, खिडकीशी नेऊन वाचलं. घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली. मी पडद्याआडून बघत होते, सांगायला लाज वाटते. मग त्यांनी दुपारची झोप काढली. संध्याकाळी गॅरेजवाल्याशी रस्त्यावरच्या खड्ड्यांवर तासभर बोलले. मी मनात म्हटलं, झालं, हा विषय संपला.

शुक्रवारी सकाळी शेडवर गेले तर दार आधीच उघडं. बाबा रबरी एप्रन बांधून टेबलाशी उभे, मावशीला म्हणत होते, "सरक थोडी. आणि सुरीला तेल कोणी लावलं नाही इतके दिवस?" माझ्याकडे बघितलंही नाही. मीही "आलात का" वगैरे काही विचारलं नाही. गपचूप बर्फ फोडायला घेतला आणि फोडता फोडता रडले. बर्फाजवळ रडण्याचा एक फायदा असतो, तोंड ओलं का आहे ते कोणी विचारत नाही.

चार दिवस ते आणि मावशी असे कापत होते की मला पेट्या पुरवताना पळापळ झाली. मी मुद्दाम हात बघितले. चहा घेताना कप अजून वाजतो. पण सुरी धरली की हात मुकाट होतो. हे मला महिन्यापूर्वीही दिसलं असतं. मी चहाच्या वेळी बघत होते, कामाच्या वेळी बघितलंच नाही.

काल तपासनीस आला. पहिला तुकडा उचलला, दोन बोटांवर धरला. काही झालं नाही. त्यानं जरा हलवला. काही झालं नाही. दुसऱ्या पेटीतून, मग तळाच्या पेटीतून, असे तेरा तुकडे त्यानं बघितले. मी मोजले, कारण श्वास धरून दुसरं काही सुचत नव्हतं. शेवटी म्हणाला, "बाई, कापणारा बदललात वाटतं?" मी म्हटलं, "नाही, कापणारे तेच आहेत. भरणारी बदलली." त्याला काही कळलं नाही, पण सही केली. वर्षाचा करार झाला.

टबांचं काय करायचं, असं मी बाबांना विचारलं. मला वाटलं म्हणतील, विकून टाक. तर म्हणाले, "बर्फ चांगला धरतात. चौकोनी मिळतात का बघ." पुढच्या आठवड्यात जाऊन बघतेय.

सोबत बाबांचं पत्र आहे. त्यांनी स्वतः लिहिलंय, स्वतः बंद केलंय, वर चिकटपट्टीच्या तीन फेऱ्या मारल्यात आणि माझ्यासमोर गाडीवाल्याला बजावलंय की फक्त तिच्याच हातात. मी उघडलेलं नाही. उजेडासमोर धरून मात्र बघितलं, काही दिसलं नाही.

तुझी वहिनी

•

११ डिसेंबर

मने,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं लांब होतं, दुसरं बरं होतं.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा जमेल तसं लिहितो. हे तुझ्यापुरतं ठेव.

मासा आधीच फाटलेला असतो हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. सुरी मांसात शिरते तेव्हा मांस तिला धरतं. या मोसमात ते धरत नव्हतं. का, ते बघायला मी एक दिवस पेट्यांकडे गेलो, तर तुझी वहिनी वाकडे मासे दाबून सरळ करत होती. ताठलेल्या माशाशी झगडू नये म्हणून माझ्या बापानं लहानपणी माझ्या हातावर चापट मारली होती. कारण त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. कारण तुझ्या पत्रातून आत्ता कळलं.

मग बोललो का नाही, हे तू विचारशील. शेड तिच्या हाती देऊन दोनच वर्षं झाली. या घरात आल्यापासून कोणालाही न विचारता तिनं घेतलेली पहिली वस्तू म्हणजे ते टब. ते आणले त्या दिवशी ती स्वतःशी गाणं म्हणत होती. त्यात मी खोट काढली असती तर सगळे म्हणाले असते, म्हाताऱ्याला सुनेचं चाललेलं बघवत नाही. तिलाही तसंच वाटलं असतं. मी म्हटलं, हुशार आहे, आठ-पंधरा दिवसांत तिचं तिला कळेल. तोवर दोष माझ्या हातांवर गेला तर जाऊ दे. म्हातारे हात आहेत, कोणालाही पटेल.

तेवढ्यात तुझं पत्र आलं. तू शिकलेली, तू सांगतेस म्हटल्यावर माझाही माझ्यावरचा विश्वास उडाला. पेट्यांपाशी जे बघितलं ते खरं की मी सबबी शोधतोय, हेच कळेना. त्या रात्री एकटा असताना चमचा हातात धरून बघत होतो, हलतो का. हलायचा. मग सुरी देऊन टाकली. तुला दुखवायला हे लिहीत नाही. एकदा सांगून टाकलं की माझ्याही डोक्यातून जाईल.

चूक माझीही आहे. अकरा माणसांच्या पोटाचा प्रश्न होता आणि मी भिडेपोटी गप्प बसलो. यापुढे जे दिसेल ते तोंडावर बोलणार आहे. काल तिच्या भाजीला बोललो, ती हसली.

मला आधीपासून माहीत होतं, हे तिला सांगू नकोस. चूक तिनं स्वतः शोधली, सगळ्यांसमोर स्वतः कबूल केली आणि स्वतः निस्तरली. एवढं या शेडमध्ये आजवर कोणी केलेलं नाही, मीसुद्धा नाही. ते पूर्ण तिचंच राहू दे.

सुट्टी मिळेल तेव्हा ये. तुला कापता येत नाही असं तू वहिनीला लिहिलंस, ते तिनं सांगितल्यावर मला वाईट वाटलं. टेबलाखाली बसवून ठेवलं, वर कधी उभं केलं नाही. आता करू. हात चांगले आहेत माझे, अजून एक माणूस शिकवून होईल.

बाबा